मुठीसकट

१

दुसऱ्याने वर्षानुवर्षं वापरलेलं हत्यार तुम्ही कधी हातात धरलंय का? धरलं असेल तर तुम्हाला माहीत असेल, मुठीवर अंगठ्याच्या जागी लाकूड किंचित खाली गेलेलं असतं. तिथे आपला अंगठा ठेवून बघावा. बसत नाही. जरा पुढे तरी पडतो, नाहीतर जरा मागे.

लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी आमच्या ह्यांचा रंधा उचलून पाहिला होता. हे हसले. म्हणाले, "ठेव खाली, हेडबाई. तो तुला ओळखत नाही."

हेडबाई म्हणजे मी. मी दहावी पास आणि हे चौथीत शाळा सोडून सुतारकामाला लागलेले. त्यामुळे मापं लिहून घेण्याचं काम माझ्याकडे आलं. हे टेप धरायचे, आकडा ओरडायचे, आणि मी वहीत लिहायची. एखादा आकडा चुकला की हात पुढे करायचे, "मारा छडी." तेवीस वर्षांत माझ्या तेहतीस वह्या भरल्या.

सात महिन्यांपूर्वी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणंही हळूहळू परत आलं, पण उजवा हात मांडीवर पडून राहिला. आदल्याच दिवशी म्हणाले होते, "स्वयंपाकघराचं दार खाली घासतंय. उद्या रंधा मारतो." तो उद्या आला नाही. दार रोज घासत राहिलं आणि हे खिडकीजवळच्या खुर्चीत बसून तो आवाज ऐकत राहिले. दार वाजलं की मान फिरवायचे. मी पायाने दार उचलून लावायला शिकले, म्हणजे आवाज कमी व्हावा.

मागे ह्यांच्या कामाच्या खोलीत भिंतीवर खिळ्यांच्या एका ओळीत नुसत्या मुठी टांगलेल्या होत्या. करवतीच्या, पटाशीच्या, कानशीच्या. ह्यांच्या उस्तादांनी लावलेली शिस्त होती ती. हत्यार विकायचं झालं तर लोखंड विकायचं, मूठ काढून घरी ठेवायची. मी एकदा विचारलं होतं, का? तर म्हणाले, "पातं घेणारा आपली मूठ बसवतो. आपला हात कशाला द्यायचा त्याला?" मला ती सुतारांची ऐट वाटली होती.

२

डॉक्टर म्हणाले, हात हलता ठेवा, काहीतरी काम द्या. पण रंधा मारायला खांद्यापासून जोर लागतो. आमच्या शेजारच्या गवंड्याने सुचवलं, "वहिनी, मशीन घ्या. मशीन जोर लावतं, माणसाने नुसती दिशा द्यायची."

नव्या मशीनच्या किमती ऐकून मी दुकानाच्या पायरीवरूनच परत फिरले. पण मी हट्टी आहे. रोज दुपारी ह्यांना जेवायला वाढून मी एकेक दुकान पालथं घालू लागले. जुन्या सामानाच्या दुकानात एक जाड भिंगाचा म्हातारा बसायचा. सगळे त्याला चष्मेवाला म्हणत. तिसऱ्या खेपेला त्याला माझी दया आली असावी.

"बाई, रंग बघून मशीन घेऊ नका," तो म्हणाला. "नाक लावा. आत जळका वास आला तर मोटर गेलेली. मग पुढचा दांडा धरून हलवा. डुगडुगला तर तिथेच ठेवा. आणि बॅटरीवाली घ्यायची तर सगळी एकाच कंपनीची घ्या. बॅटरीच महाग असते. एक चांगली बॅटरी घ्या आणि तीच सगळ्या मशीनना फिरवा."

"एका बॅटरीवर चालतं?"

"एका वेळी एकच मशीन चालेल. मिस्तरींना हात किती आहेत?"

मी म्हणाले, "सध्या एकच." तो ओशाळला, आणि मग आम्ही दोघंही हसलो.

त्यानेच मला पत्ता दिला. पुलापलीकडे एक बाई आहे, तिच्याकडे पूर्ण संच पडून आहे, पण ती पैसे घेत नाही. "हत्याराच्या बदल्यात हत्यारच मागते. जुनी, हाताची. डोकं जरा फिरलंय म्हणतात. पण माल चोख आहे."

३

घर बैठं होतं, स्वच्छ. दारात पुरुषाच्या चपला होत्या, टाचेपाशी डावीकडे झिजलेल्या. बाई माझ्याच वयाची असेल. मला आत मागच्या खोलीत नेलं. तिथे लांब बाकडं, त्यावर चार मशीनं ओळीने. ड्रिल, कटर, जिगसॉ आणि पॉलिशचं मशीन. सगळ्यांच्या मुठींना पांढरा सुती दोरा गुंडाळलेला, वेटोळ्याला वेटोळं चिकटून. मागच्या खिडकीला झडप नव्हती. तिथे पुठ्ठा लावला होता.

मी वास घेतला, दांडे हलवून पाहिले. चोख होतं सगळं.

"मिस्तरींना नको आहेत?" मी विचारलं.

"ते आता मशीन चालवत नाहीत," ती म्हणाली. "पण बाकडं रिकामं बघवत नाही हो मला. काहीतरी असू दे त्यावर. तुमच्याकडचं काय देता?"

मी ह्यांचा रंधा आणि दोन पटाश्या नेल्या होत्या. पटाश्यांच्या मुठी मी घरीच ठोकून काढल्या होत्या. रंध्याची मूठ मात्र पाचर मारून बसवलेली, हलेना. तिथे बसून मी पुन्हा प्रयत्न करू लागले तशी तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"राहू द्या ना मूठ. नुसतं पातं घेऊन मी काय करू?"

बाहेर टेम्पोवाला भोंगा वाजवत होता. चार मशीनं, बॅटरी, चार्जर, आणि बदल्यात एक जुना रंधा नि पटाश्यांची दोन पाती. मी विचार केला, ह्यांना कुठे कळतंय.

"तुमच्या मशीनचा दोरा काढून ठेवू का?" मी उगीच शिष्टाचार म्हणून विचारलं.

"नको," ती पटकन म्हणाली. "तो त्यांनी गुंडाळलाय."

४

घरी आल्यावर ह्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच. "रंध्याची मूठ काढलीस?"

"काढली."

"कुठे आहे?"

"लावते नंतर खिळ्यावर."

तेवीस वर्षांत मी ह्यांच्याशी खोटं बोलले ते एवढंच. दुसऱ्या दिवशी ह्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशीही. भिंतीवरच्या ओळीकडे बघायचे आणि ओठ हलवत मोजायचे. मी ठरवलं, चष्मेवाल्याकडून एखादी जुनी मूठ आणून टांगून टाकावी.

चौथ्या दिवशी मी बाजारातून आले तर हे खुर्चीत नव्हते. मागच्या खोलीत उभे होते. डाव्या हातात कटर, उजवा हात तसाच बाजूला लोंबत, आणि फळी शिकंज्यात घट्ट बसवलेली. कटर रेघेवरून असा गेला की जणू लोण्यातून सुरी. ह्यांनी वर पाहिलं आणि हसले.

मी पिशवी तिथेच टाकली आणि रडले. आनंदाने रडले, हे आधीच सांगून ठेवते. त्या दिवशी मला दुसरं काही दिसलं नाही. बटाटे कॉटखाली गेले होते, ते संध्याकाळी सापडले.

मुठीचं त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मला हायसं वाटलं. खरं म्हणजे तेव्हाच मला खटकायला हवं होतं.

५

फोनवर लेक म्हणाली, "आई, माणसाचा एक हात गेला की दुसरा शिकतो. मेंदू वाट काढतो. आमच्या हॉस्पिटलात रोज बघते मी." ती नर्स आहे. तिचं बोलणं मला पटलं. मी ते पुन्हा पुन्हा मनाशी म्हणत राहिले.

पेन्सिल उजव्या कानावरून डाव्या कानावर गेली. बरोबरच होतं, डावा हात काम करत होता.

फळीची चांगली बाजू ओळखायला हे तेवीस वर्षं एक छोटा गोल काढायचे. आता फुली काढू लागले, आणि फुलीच्या खाली एक ठिपका. म्हटलं, आजारपणात विसरले असतील.

मापं मला विचारेनासे झाले. वही घेऊन मी दारात उभी राहायची आणि हे टेप लावून स्वतःच आकडा फळीवर लिहायचे. सात नीट काढता येत नाही म्हणून आयुष्यभर ज्यांची मी थट्टा केली, ते सात काढायचे आणि त्याच्या पोटातून एक आडवी रेघ ओढायचे. मी म्हटलं, "अहो, हे कोणी शिकवलं?" ह्यांनी साताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय बनवताय पण?"

"खिडकीची झडप."

"कुठल्या खिडकीची?"

"मागच्या," हे म्हणाले. "सत्तावीस बाय एक्केचाळीस."

आमच्या घराला मागे खिडकी नाही. मागे दुसऱ्याची भिंत आहे.

मी स्वयंपाकघरात गेले आणि पातेलं घासत बसले. दाराकडे माझी पाठ होती. मागून हाक आली, लाडिक, हसरी.

"राणीसरकार, चहा मिळेल का?"

आवाज ह्यांचा होता. ह्यांच्याच घशातला, झटक्यानंतर जरासा चिकट झालेला. मी वळले. मला बघून ह्यांचा चेहरा असा झाला, की एखाद्याने चुकून परक्याच्या खांद्यावर हात ठेवावा आणि त्या माणसाने वळून बघावं.

त्या दिवशी मी दार मुद्दाम जोरात लावलं. घासलं, कर्कश वाजलं. ह्यांनी मान फिरवली नाही.

६

बॅटरी एकच होती, हे मी सांगितलंच. रोज दुपारी ती मी स्वयंपाकघरात ओट्यावर चार्जरला लावायची, कारण मागच्या खोलीतला प्लग ढिला होता. तेवढा वेळ मशीनं गप्प असायची आणि हे पडून राहायचे.

एका दुपारी मी ओट्याशी भाजी निवडत होते. चार्जरचा लाल दिवा माझ्यासमोर होता. बॅटरी त्यात बसलेली. आणि मागच्या खोलीत कटर सुरू झाला.

आधी वाटलं शेजारी असेल. मग वाटलं रस्त्यावर दगड कापत असतील. मी अशीच आहे, आधी दहा कारणं शोधते. पण कटर लाकडात शिरताना आवाज जड होतो आणि बाहेर येताना मोकळा होतो, तो फरक मला झोपेतही कळेल. मी बॅटरीवर हात ठेवला. गार होती, स्थिर होती. आवाज जड झाला. मोकळा झाला. थांबला.

मी गेले. हे कॉटवर झोपले होते, भिंतीकडे तोंड करून. कटर टेबलावर होता, त्याच्या पोटातली बॅटरीची जागा रिकामी. मी दोऱ्याच्या मुठीला हात लावला. दोरा कोमट होता.

खाली भुसा पडला होता. तो आमच्या फळीचा नव्हता. आमची फळी पांढरट, हा भुसा तांबूस होता.

७

दुसऱ्या दिवशी मी बॅटरी पर्समध्ये टाकली, ह्यांना सांगितलं लवकर येते, आणि पुलापलीकडे गेले. रंधा परत घ्यायचा, मशीनं परत द्यायची, एवढंच ठरवलं होतं. हे पुन्हा खुर्चीत बसले तर बसू देत. खुर्चीतले माझे तरी होते.

चपला दारात तशाच होत्या. आता त्यांवर धुळीचा थर दिसला. त्या दिवशी मी कशा पाहिल्या नाहीत?

बाईने दार उघडलं. चेहरा खुलला होता तिचा. आणि तिच्या मागून, आतल्या खोलीतून, रंध्याचा आवाज येत होता.

दोन आखूड, एक लांब. मग रंधा दोनदा टेबलावर आपटायचा, अडकलेली ढलपी पडावी म्हणून. दोन आखूड, एक लांब.

हा ताल माझ्या घरात बावीस वर्षं पाच महिने वाजला होता.

"आत कोण आहे?" मी विचारलं.

"हळू बोला," ती म्हणाली. "थांबतात मग."

"तुमचे मिस्तरी?"

ती पायरीवर बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली, वेटोळ्याला वेटोळं चिकटून. "आमचे जाऊन चार महिने झाले, ताई."

मीही खाली बसले. आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो होतो, दुपारी तीनचं लख्ख ऊन अंगणात होतं, आणि आत कोणीतरी फळी तासत होतं.

"मला हेडबाई म्हणतात," ती हळूच म्हणाली. "का म्हणतात कोण जाणे. माप लिहून घे म्हणतात. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. मी आपली कोळशाने भिंतीवर रेघा मारते." मग तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटतं तेव्हा तिला कळलं. "तुमच्याकडे," तिने विचारलं, "तुमचे तुम्हाला काय हाक मारतात?"

मी खोटं बोलू शकले असते. एकदा बोललेच होते.

"राणीसरकार," मी म्हणाले.

तिने तोंडावर पदर दाबला. रडण्याचा आवाज बाहेर येऊ दिला नाही, रंधा थांबेल म्हणून.

मी उठले आणि आतल्या दारापर्यंत गेले. ते अर्धं लोटलेलं होतं. फटीतून बाकड्याचा कोपरा दिसला, फळी दिसली, आणि रंध्यावरचा हात. उजवा. कोपरापर्यंतच, पुढचं दाराने झाकलेलं. अंगठ्याचं नख अर्धं, आमच्या लग्नाच्या वर्षी पटाशी लागलेलं. तो हात सात महिने मी रोज तेल लावून चोळला होता आणि तो मांडीवर पडून होता. इथे त्याच्या शिरा फुगल्या होत्या. अंगठा खळग्यात चपखल बसला होता.

मी दार ढकललं नाही. तुम्ही विचाराल, का नाही. दाराच्या मागे कोपराच्या पुढे काही आहे की नाही, हे मला बघायचं नव्हतं.

पुठ्ठा लावलेल्या खिडकीवर माझी नजर गेली. तेवीस वर्षं मापं लिहिली आहेत, टेप लागत नाही मला. सत्तावीस बाय एक्केचाळीस.

८

"उद्या सकाळी दहाला या," मी तिला सांगितलं. "रंधा घेऊन या. मशीनं घेऊन जा. ज्याचं त्याला."

"माझं मला कुठून मिळणार?" ती म्हणाली. "तुमच्याकडे खुर्चीत बसायला माणूस तरी आहे." मग डोळे पुसून म्हणाली, "बरं. पण एकदा मला ती हाक ऐकू द्याल?"

मी हो म्हणाले. माझ्याच्याने नाही म्हणवलं नाही. तिने घराचा पत्ता विचारला, तोही दिला.

ऊन कलताना घरी आले. बॅटरी पर्समध्ये होती. मागच्या खोलीत झडप पूर्ण झालेली होती, पॉलिश पेपर मारून गुळगुळीत, भिंतीला टेकवलेली. तांबूस लाकडाची. ते लाकूड आमच्या घरात कधी आलं नव्हतं.

ह्यांनी स्वच्छ आंघोळ केली होती, भांग पाडला होता, उलट्या बाजूला. मी चहा पुढे ठेवला. ह्यांनी कप घेतला, दोन घोट प्यायले, आणि मान खाली घालून, अगदी अदबीने म्हणाले,

"ताई, तुमचे फार उपकार झाले."

चहाचा कप विसळायला घेऊन गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

९

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी दूध आणायला गेले. पंधरा मिनिटांत आले. दार सताड उघडं होतं. ह्यांच्या चपला नव्हत्या, चार मशीनं नव्हती, झडप नव्हती. खुर्ची रिकामी होती. तिने दहाची वाट पाहिली नव्हती. उंबऱ्यावर जुन्या टॉवेलात गुंडाळलेला रंधा होता, मुठीसकट.

मी तो उचलून मागच्या खोलीतल्या टेबलावर नेऊन ठेवला आणि दूध तापवायला गेले. दूध वर येत होतं तेव्हा मागे आवाज सुरू झाला. दोन आखूड, एक लांब. मी गॅस बंद केला, फडताळातून चौतिसावी वही काढली आणि पेन्सिलीला टोक केलं. वळले तर स्वयंपाकघराच्या दाराखाली ताज्या कुरळ्या ढलप्या पडल्या होत्या. मी दार लोटलं, आणि सात महिने घासणारं ते दार त्या सकाळी आवाज न करता लागलं.